मुठीला बांधलेला फडका

आमच्या घरात तव्याला माणसाइतका मान होता. माणसापेक्षा जास्तच म्हणा ना. आईला ताप आला तर बाबा म्हणायचे, "पड जरा, बरं वाटेल." आणि तव्यावर एखादा डाग दिसला तर त्यांना जेवण जायचं नाही.

तवा म्हणजे घरात असतो तसा गोल नव्हे. दोन माणसांनी मिळून उचलावी अशी जाडजूड लोखंडी चौकोनी पाटी, खाली बर्नरची रांग, पुढच्या अंगाला जादा तेल वाहून जायला पन्हळ आणि दोन्ही बाजूंना मुठी. गॅरेजांच्या मागे ट्रक उभे करायची मोकळी जागा होती, तिथे एका कोपऱ्यात उघड्यावर तो मांडलेला असे. बाबा आणि काका, दोघे सख्खे भाऊ, मिळून तो चालवायचे. अंडी, कांदा, बटाट्याच्या चकत्या, कोबी, कधी मासा, आणि हे सगळं भरून द्यायला पाव. पाटी काही सगळीकडे सारखी तापत नसे. मधला भाग रागीट, डावा कोपरा थंड. कांदा मधे टाकून डावीकडे सरकवत न्यायचा, म्हणजे तो करपत नाही आणि गोड होतो, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

काकांना सगळे "शिट्टी" म्हणायचे. अंडं फोडताना शिट्टी, पाव शेकताना शिट्टी. गिऱ्हाईक दूर ट्रकखाली आडवं पडलेलं असलं तरी शिट्टीवरून ओळखायचं की तवा तापला. माणूस लाख, पण विसरभोळा. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणार. मिठाचा डबा घ्यायला म्हणून जाणार आणि तिथे कुणाशी तरी गप्पा मारून हात हलवत परत येणार. बाबा चिडायचे, गिऱ्हाईकं हसायची, काकाही हसायचे. तव्याच्या बाबतीत मात्र ते कधी काही विसरले नव्हते. हे वाक्य मी मुद्दाम इथेच लिहून ठेवते, कारण पुढे कुणाला त्याची आठवण राहिली नाही.

तवा बंद करायला आमच्याकडे "तवा झोपवणं" म्हणत. त्याचा नियम बाबांनी घालून दिलेला होता. ज्याने शेवटचा घाणा काढला, त्यानेच तवा झोपवायचा. पाटी गरम असतानाच पाणी शिंपडायचं, वाफ उठली की उलथन्याच्या धारेने खरवडून सगळं पन्हळीत ओढायचं, कोरड्या कापडाने पुसायचं. साबणाचं नावसुद्धा काढायचं नाही. मग सुती फडक्यावर चमचाभर तेल घेऊन कानाकोपऱ्यात पातळ हात फिरवायचा. जास्त लावलं की चिकटा धरतो, कमी पडलं की गंज. आणि हे सगळं झालं की तोच फडका उजव्या मुठीला बांधायचा. फडका बांधलेला दिसला की समजायचं, तेल लागलं. दुसऱ्याने विचारायचं कारण नाही. बाबा साधी गाठ मारत. काका दोन कान काढून मारत, शाळेत जाणाऱ्या मुलीच्या रिबिनीसारखी. त्यावरूनही त्यांची चेष्टा व्हायची.

पूर्वी रात्री तव्यावर एक जुना पत्रा टाकत. चार विटांवर टेकवलेला, खालून वारा खेळेल असा. मग बाबांच्या मनात आलं की आपला तवा आता नावारूपाला आलाय, त्याला जुना पत्रा शोभत नाही. त्यांनी रेक्झिनचं जाड कव्हर शिवून आणलं, खालच्या कडेला रबरी नाडी घातलेलं. घट्ट बसायचं. कव्हर आणलं त्या दिवशी त्यांनी ते घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं. गॅसच्या टाक्या पोचवणाऱ्यालासुद्धा. त्याने बिचाऱ्याने "छान आहे" म्हटलं आणि टाकी खांद्यावर घेतली.

थोड्याच दिवसांत सलग सुट्टी आली. आदल्या संध्याकाळी काकांनी तवा झोपवला, फडका बांधला आणि ते घरी गेले. पाटी अजून गरम होती म्हणून त्यांनी ती निवायला उघडी ठेवली होती. बाबा बाजारातून परत आले. आभाळ भरलेलं, तवा उघडा आणि नवं कव्हर घडी घालून बाजूला पडलेलं. त्यांनी ते झटकलं, तव्यावर ओढलं, नाडी नीट बसवली आणि समाधानाने घरी आले.

सुट्टी संपली. भावांनी मिळून कव्हर काढलं, तर पाटीवर मधोमध गंज. नुसते ठिपके नव्हेत, लालभडक पट्टाच्या पट्टा. आणि मुठीला फडका नाही.

पुढचं मला गॅरेजमधल्या टायरवाल्याने नंतर बऱ्याचदा सांगितलं. तो तिथेच पावाची वाट बघत उभा होता. बाबा म्हणाले, "फडका कुठाय?"

काकांनी खाली वाकून बघितलं, टाकीमागे बघितलं. "बांधला होता, दादा."

"मग काय पाय फुटले त्याला?"

"वाऱ्याने गेला असेल."

"आणि तेलही वाऱ्याने गेलं? अरे, डोक्यात भुसा भरलाय तुझ्या. आज तेल विसरलास, उद्या गॅस चालू ठेवून जाशील. माणसं मारशील एक दिवस."

"मी लावलं होतं तेल," काका म्हणाले. आणि मग, स्वभावच तसा, पुढे म्हणाले, "म्हणजे... मला तसं आठवतंय."

त्या एका "आठवतंय"ने सगळा घात झाला. ज्याच्या आठवणीवर अख्खं गॅरेज हसायचं, त्याने साक्ष काढली तीही आठवणीची. बाबा गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, "ऐका! शिट्टीला आठवतंय म्हणे!" आणि सगळे हसले. टायरवालाही हसला होता. ते सांगताना दर वेळी तो मान खाली घालायचा.

काकांनी एप्रन काढला, घडी घातली, पाण्याच्या पिंपावर ठेवला. "तुझं बरोबर आहे दादा," म्हणाले. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणारा माणूस निदान स्वतःच्या बाजूने उभा असतो.

बाबांनी तवा एकट्याने परत घडवला. वाळूने आणि तारेच्या घासणीने गंज उतरवला, पाटी पांढरीफटक पडेपर्यंत. मग पातळ तेल, मोठी आच, धूर निघून निघून थांबेपर्यंत वाट, पुन्हा तेल, पुन्हा धूर. पाटी आधी तपकिरी झाली, मग काळी, मग आरशासारखी काळी. लोखंडाचं बरं असतं. त्याला कितीही खरवडलं तरी तेल पाजून पूर्ववत करता येतं.

गंजाचे डाग लागले म्हणून कव्हर धुऊन, वाळवून, माळ्यावर गेलं होतं आणि तव्यावर तात्पुरता पत्रा आला होता. थंडीचे दिवस आले, दव पडायला लागलं, तेव्हा बाबांनी ते खाली काढलं. आईने एक टोक धरलं, बाबांनी दुसरं. झटकलं तशी नाडीच्या चुण्यांत अडकलेली एक चिंधी आईच्या पायाशी पडली. धुतल्यावरही तेलकट राहिलेला, सुकून कडक झालेला फडका. गाठ तशीच होती. दोन कान काढलेली.

कव्हर ओढताना नाडीने फडका मुठीवरून उपसून आत घेतला होता. ते ओढणारे हात कुणाचे, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाबांचा तरी विश्वास बसेना. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने तवा झोपवला, तेल लावलं, आणि पाटी गरम असतानाच वरून कव्हर घातलं. थोड्या वेळाने उचलून पाहिलं. आतल्या अंगाला पाण्याचे थेंब टपटपत होते, आणि कव्हर जिथे मधे झोळ देत होतं, तिथे ते ओघळून पाटीवर पडत होते. बरोबर त्या पट्ट्यात. खात्री करून घ्यायची होती, ती झाली.

"आत्ता जा आणि सांगून या," आई म्हणाली.

"सांगतो. सवडीने सांगतो."

ही सवड हा आमच्या घरातला एक मोठा विनोद होऊन बसला. विनोद म्हणजे आई करायची, बाबा ऐकायचे. काका नवीन नोकरीला लागलेत, आत्ताच कशाला त्याचं मन हलवा. पोराची परीक्षा आहे. घर बदलतायत. माझं लग्न ठरलं, तेव्हा तर शुभकार्यात जुनं कशाला उकरा. आई म्हणायची, "तुमची सवड आणि उंबराचं फूल, दोन्ही सारखीच." बाबा पेपर वर करायचे. कव्हर त्यांनी कात्रीने कापून भंगारात दिलं आणि विटांवर पत्रा टाकायला पुन्हा सुरुवात केली. म्हणजे त्यांना कळलं होतं. कळून ते तव्याशी नीट वागायला लागले, भावाशी नाही.

मी बाबांवर रागावले होते आणि ते त्यांना माहीत होतं. पण न्यायाने सांगायचं तर ते दुष्ट नव्हते. चार लोकांत भावाचा पाणउतारा केला होता. आता चूक कबूल करायची म्हणजे त्याच चार लोकांत मान खाली घालायची, एवढंच त्यांना दिसत होतं. आणि काकांनी कधी अबोलाही धरला नाही, त्यामुळे घाई कशाचीच नव्हती. काका यायचे, जेवायचे, माझ्या मुलांना खांद्यावर घ्यायचे. फक्त तव्याजवळ आले की दोन्ही हात खिशात घालायचे. कुणी म्हटलं, "शिट्टी, जरा पाव उलट रे," तर हसून म्हणायचे, "नको बाबा, माझ्या हाताला यश नाही."

शिट्टीही थांबली होती. ते एका गोदामात माल तपासायच्या कामाला लागले होते आणि तिथे त्यांची ख्याती वेगळीच. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार. बसस्टॉपपर्यंत जाऊन परत येणार, पुन्हा ओढणार. काकू सांगायची, हे झोपेतून उठून गॅसच्या बटणाला हात लावून येतात. बटण बंद असतं, तरी बोट ठेवून उभे राहतात. चष्मा हरवून हसणारा माणूस तो. त्याचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला होता, आणि तो उडवणाऱ्याच्या खिशात सगळा पुरावा पडून होता. खिशात म्हणजे खरोखर खिशात नव्हे. बाबांच्या कपाटात, लोकरीच्या टोपीखाली. आईने मला तो फडका दाखवला होता.

मग बाबा म्हातारे झाले. गॅरेजांची रांग गेली, तवा आमच्या मागच्या अंगणात आला आणि रविवारपुरता उरला. आणि काका खरोखरच विसरायला लागले. आधी नावं, मग घरचा रस्ता.

एका रविवारी काकू त्यांना घेऊन आली. ते अंगणात माझ्या मुलीशी खेळत होते. काकू स्वयंपाकघरात आईशी बोलत होती, बाबा दारात कांदे सोलत बसले होते.

"डॉक्टरने परवा विचारलं, हे विसरणं कधीपासून सुरू झालं," काकू म्हणाली. "मी सांगणार होते, वर्ष झालं असेल. तर हेच मधे बोलले. म्हणाले, फार जुनं आहे डॉक्टर. आमच्या दादाचा तवा गंजला ना, तेव्हापासून. मी तेल लावायला विसरलो होतो. डॉक्टरने ते लिहूनसुद्धा घेतलं हो भावोजी. मला हसावं की रडावं कळेना."

आई हसली नाही. तिने बाबांकडे बघितलं. बाबांच्या हातातली सुरी थांबली होती. कांद्याचं निमित्त होतं, म्हणून त्यांना डोळे पुसता आले.

ते उठले, आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी तवा पेटवला. तेल टाकलं, कांदा टाकला. मग हाक मारली, "शिट्टी, इकडे ये."

काका आले. हात खिशात.

"त्या दिवशी तू तेल लावलं होतंस," बाबा म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघायला लागली. "ऐकतोयस का? तू लावलं होतंस. गरम तव्यावर कव्हर मी घातलं. फडका माझ्याकडून निघाला. हा बघ. तुझी गाठ आहे. चूक माझी होती, आणि मला ती त्याच थंडीत कळली होती. मी सांगितलं नाही."

काकांनी फडका हातात घेतला. गाठीचे दोन कान बोटांनी सरळ केले. "म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नव्हतास."

"अरे!" काका म्हणाले. "अरे, मग मी उगाचच..." आणि ते हसायला लागले. रागावले नाहीत, का सांगितलं नाहीस असं विचारलं नाही. ते विचारतील म्हणून बाबा इतकी वर्षं घाबरले होते, आणि त्यांनी विचारलंच नाही. खिशातला दुसरा हात बाहेर आला. त्यांनी उलथनं घेतलं, कांदा मधून डावीकडे सरकवला, आणि ओठांचा चंबू करून फुंकर मारली. आधी नुसती हवा गेली. मग शिट्टी आली, बेसूर, पण आली. काकू दारात येऊन उभी राहिली, तोंडावर पदर धरून. त्या दिवशी काकांनीच तवा झोपवला आणि मुठीला फडका बांधला. जेवताना बाबा आईला म्हणाले, "सांगितलं." आई म्हणाली, "ऐकलं. चार गल्ल्यांनी ऐकलं."

मला वाटलं, संपलं. उशिरा का होईना, संपलं.

पुढच्या रविवारी काका आले, माझ्या मुलीला खांद्यावर घेतलं, खाली ठेवलं, आणि तव्याजवळ येऊन उभे राहिले. दोन्ही हात खिशात. थोडा वेळ काळ्या पाटीकडे बघत राहिले. मग अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "दादा, त्या वेळी माझ्याकडून तेल लावायचं राहिलं रे. तुझा एवढा चांगला तवा गंजला."

बाबांचा चेहरा मी पाहिला, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी फडका दाखवला, सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. काका पुन्हा "अरे!" म्हणाले, पुन्हा हसले, पुन्हा शिट्टी मारली. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच झालं. चष्मा, रस्ता, नातवाचं नाव, सगळं काकांच्या डोक्यातून गळत चाललंय, पण तो गंज नाही. तो एवढी वर्षं रोज उगाळलेला. बाबांनी सांगितलेलं मात्र कालचं, कोवळं. ते एका आठवड्यापलीकडे टिकत नाही. तेव्हाच सांगितलं असतं तर तेही मुरलं असतं.

परवाच्या रविवारी बाबांना खोकला झाला होता. बोलताना धाप लागत होती. काका खिशात हात घालून आले आणि म्हणाले, "दादा, त्या वेळी माझ्याकडून..." बाबा खोकायला लागले. मला राहवेना. मी पुढे झाले. "काका, अहो, तुम्ही तेल लावलं होतं. ते कव्हर..."

बाबांनी माझा हात धरला. खोकला आवरेपर्यंत धरून ठेवला.

"तू नको," ते म्हणाले. "हे मला सांगू दे."

मी बाजूला झाले. त्यांनी खुर्ची ओढली, काकांना बसवलं, फडका त्यांच्या मांडीवर ठेवला. मधे मधे थांबत, श्वास घेत, सगळं सांगितलं. कांदा करपला. काकांनी गाठीचे कान सरळ केले आणि वर बघितलं.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो, दादा?"

"नाही रे," बाबा म्हणाले. "तू नाही विसरलास."